अकरा साड्यांचा प्रश्न
(लेखमाला : नव्याची घडण, लेखांक ६)

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मावशी सकाळी बेळगावहून बेंगळुरूला उतरली आणि चहा संपायच्या आत तिने पर्समधून यादी काढली. धाकट्याचं लग्न दीड महिन्यावर आलेलं. मानपानाच्या अकरा साड्या घ्यायच्या होत्या, आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने रक्कम लिहिलेली होती. विहीणबाई सगळ्यांत वर, मग थोरली जाऊ, मग नणंदा, मग उतरत उतरत चुलत सासूपर्यंत. तीन ठिकाणी खाडाखोड होती. ही यादी करताना तिला दोन रात्री झोप लागली नव्हती, हे तिने नंतर सांगितलं.

मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेवर मॅजेस्टिकनंतरचं स्टेशन चिकपेट. २०१७च्या जूनमध्ये हा भुयारी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून चिकपेटेत पोहोचणं सोपं झालं आहे. पोहोचल्यावर चालणं मात्र पूर्वीइतकंच अवघड. सरकता जिना वर घेऊन येतो तो थेट गर्दीत. हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, दारात उभे राहून हाका मारणारी पोरं, आणि दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं.

आम्ही शिरलो ते दुकान जुन्या पद्धतीचं होतं. चपला बाहेर, आत पांढऱ्या चादरीची गादी. विक्रेता पन्नाशीचा. आमचं मराठी ऐकून तोही मराठीत बोलू लागला, कानडी हेल काढून. मावशीने यादी वाचायला सुरुवात केली : सात हजारांची एक, पाच हजारांच्या दोन... त्याने फडताळाकडे हातसुद्धा नेला नाही. नुसतं विचारलं, लग्न मुलाचं की मुलीचं? या सगळ्याजणींना साड्या एकदमच देणार की वेगवेगळ्या वेळी? मांडवात त्या शेजारी शेजारी बसणार का? आणि शेवटी : यांच्यातल्या किती जणींना साडी हातात घेताच किंमत कळते?

मावशी हसली. "सगळ्यांनाच."

"मग अकरा किमती कशाला?" तो म्हणाला, आणि उठला.

त्याने एकाच पोताच्या, एकाच काठाच्या दहा साड्या दहा रंगांत पसरल्या. विहीणबाईंसाठी वेगळ्याच जातीची एक काढली, बाकीच्यांशी तुलनाच होऊ नये अशी. एकूण रक्कम मावशीच्या बेरजेच्या आतच बसली. ती अकरा साड्यांचा हिशेब घेऊन आली होती. तिची खरी चिंता होती की अकराजणींपैकी कुणालाही आपण खालच्या पायरीवर आहोत असं वाटू नये. कागदावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मागच्या लेखांकात आपण प्रयोगशाळेत जन्मलेल्या शोधांबद्दल बोललो. आजचा विषय आहे 'डिझाइन थिंकिंग'. कंपन्यांच्या कार्यशाळांमध्ये हा शब्द इतका वापरला जातो की त्याची धार गेली आहे. मला ती परत आणायची आहे, म्हणून आधी तुम्हाला त्या दुकानातल्या गादीवर बसवलं.

डिझाइन म्हणजे वस्तूचं दिसणं, असा आपला समज असतो. साडीवरची नक्षी, बाटलीचा आकार. नोबेल मिळवणारे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९६९च्या आपल्या पुस्तकात तो समज मोडला. आहे ती परिस्थिती हव्या त्या परिस्थितीत बदलण्याची वाट जो कुणी आखतो तो डिझाइनच करतो, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे औषध लिहून देणारा डॉक्टर आणि साड्यांची यादी करणारी मावशीसुद्धा. चार वर्षांनी, १९७३ मध्ये, बर्कलीच्या हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. काही प्रश्न गणितासारखे नसतात, ते चिवट असतात. ते कसे मांडाल त्यावर त्यांचं उत्तर ठरतं, आणि पुष्कळदा उत्तर शोधायला लागल्यावरच प्रश्न काय होता ते कळतं. पुढे १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात आयडिओ ही डिझाइन कंपनी उभी राहिली, तिच्याच मंडळींच्या पुढाकाराने स्टॅनफर्ड विद्यापीठात डी-स्कूल निघालं, आणि पद्धतीला पाच पायऱ्या मिळाल्या : माणसाला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, वाटा सुचवा, कच्चा नमुना करा, तो वापरणाऱ्याच्या हातात देऊन पाहा. पायऱ्या पाठ करायला सोप्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर रेंगाळायचं धैर्य दुर्मीळ.

आपल्याकडे ही दृष्टी बाहेरून आली असं मी मानत नाही. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे, १९६१ साली, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सगळ्यांत थोर वाटला तो लोटा. त्यात पाणी किती मावावं, कमरेवर तो कसा तोलला जावा, ओतताना धार कशी पडावी, हाताला गरम किती लागावा, घासायला सोपा कसा व्हावा, असे कितीतरी प्रश्न त्यांनी मांडले. हे सगळे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी सोडवले. लोट्याला एक कर्ता नाही.

पेठेलाही एकच कर्ता नसतो, पण बेंगळुरूच्या पेठेची पहिली आखणी केंपेगौडांची. १५३७ साली त्यांनी हे नगर वसवलं. जिथे दोड्डपेटे आणि चिक्कपेटे एकमेकींना छेदतात, त्या चौकातून चार दिशांना चार बैलजोड्यांचे नांगर हाकले आणि त्यांच्या रेघांवर रस्ते झाले, अशी आख्यायिका आहे. कानडी 'पेटे' म्हणजे आपली पेठ. दोड्ड म्हणजे मोठी, चिक्क म्हणजे लहान. आजूबाजूला प्रत्येक धंद्याची आपली पेठ : अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, कुंबारपेटेत कुंभार, गाणिगरपेटेत तेली. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. मराठी बोलणारी भावसार आणि शिंपी घरं इथे आजही आहेत. रंगकाम आणि शिवणकाम हे त्यांचे परंपरागत धंदे. एका धंद्याची सगळी दुकानं एका गल्लीत असणं हे नव्या माणसाला वेडेपणाचं वाटतं, सगळे प्रतिस्पर्धी शेजारी! पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. त्याला चार दुकानांत भाव काढता येतो, आणि आपल्याकडे नसलेला रंग दुकानदार शेजारून मागवून देतो. आमच्या दहा साड्यांतला जांभळा रंग असाच बाजूच्या दुकानातून आला.

आता या शहराशी जोडलेली एक मोठी गोष्ट. ती सविस्तर सांगतो, कारण तिचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातल्या एका गावात विणला गेला.

२००७ मध्ये स्टॅनफर्डमधल्या चार विद्यार्थ्यांना वर्गात एक काम मिळालं : नेपाळसाठी स्वस्त इनक्युबेटर, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचपेटी, तयार करा. अशी पेटी तेव्हा सुमारे वीस हजार डॉलरना पडे. सुटे भाग कमी करा, साहित्य स्वस्त वापरा, किंमत उतरवा. इंजिनिअरच्या डोक्यात हेच येणार. पण त्यांच्यापैकी लायनस लियांग नेपाळला गेला. काठमांडूच्या रुग्णालयात त्याला दान म्हणून आलेल्या पेट्या दिसल्या, आणि त्यांतल्या कित्येक रिकाम्या होत्या. बाळं होती कुठे? दूरच्या गावांत. तिथून शहरापर्यंतच्या वाटेतच ती थंड पडत. गावात वीज असेलच याची खात्री नव्हती. म्हणजे पेटी फुकट दिली तरी ते बाळ वाचणार नव्हतं.

परत आल्यावर चौघांनी प्रश्नच बदलला. स्वस्त पेटी कशी करायची हे बाजूला ठेवलं, आणि विजेशिवाय, प्रशिक्षणाशिवाय, आईच्या हाताने बाळ उबदार कसं राहील हे विचारलं. उत्तर निघालं ते झोपण्याच्या छोट्या पिशवीसारखं. आत मेणासारख्या पदार्थाची एक थैली. तो गरम करून वितळवायचा. मग गोठता गोठता तो चार-सहा तास सुमारे ३७ अंशांवर टिकून राहतो. यामागचं विज्ञान आपण रोज पाहतो. बर्फ घातलेलं पाणी सगळा बर्फ वितळेपर्यंत शून्याच्या आसपासच राहतं, कारण आत येणारी उष्णता वितळवण्यात खर्च होते. इथे उलट : पदार्थ गोठताना साठवलेली उष्णता हळूहळू सोडतो, आणि तो गोठतो नेमका बाळाच्या अंगाच्या तापमानाला. जगात दरवर्षी सुमारे दोन कोटी बाळं कमी वजनाची जन्मतात, हे लक्षात घेतलं की या साध्या पिशवीचं मोल कळतं. उपकरणाचं नाव एम्ब्रेस. ही मंडळी आपलं बिऱ्हाड घेऊन बेंगळुरूला आली, आणि २०११ मध्ये ते भारतात वापरात आलं.

पण त्याआधी नमुना महाराष्ट्रातल्या एका गावात आयांना दाखवला होता. त्यावर तापमानाची पट्टी होती, आकडे होते. एका आईला विचारलं, ३७ सांगितलं तर किती ठेवाल? ती म्हणाली, त्याहून कमी. तिच्या गावात समज होता की डॉक्टरी औषध फार जालीम असतं. डॉक्टरने एक चमचा सांगितला की ती मुलाला अर्धाच द्यायची. तिच्या दृष्टीने ती काळजीच घेत होती. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तेवढा गारवाही जीवघेणा ठरतो.

प्रयोगशाळेत बसून हे कुणालाही सुचलं नसतं, कितीही हुशार असला तरी. संघाने आकडे काढूनच टाकले. ऊब बरोबर आहे की नाही, एवढंच दाखवणारी खूण ठेवली. आईला समजावत बसण्यापेक्षा वस्तूनेच तिच्या सवयीशी जुळवून घेतलं. मला या सगळ्या कथेतला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. मेण शोधणारे पुष्कळ भेटतील; त्या आईचं अर्ध्या चमच्याचं बोलणं अडाणीपणा म्हणून झटकून न टाकणारे थोडे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवणं, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात, ही अशा बाळासाठी पहिली ऊब. ती अखंड देता येत नसेल तिथे, किंवा बाळाला हलवताना, ही पिशवी मदतीला येते. चांगलं डिझाइन आपली जागा ओळखून असतं.

बेंगळुरूतलंच दुसरं उदाहरण थोडक्यात. इथल्या जीई हेल्थकेअरच्या अभियंत्यांनी मॅक ४०० नावाचं, हातात मावणारं ईसीजी यंत्र केलं. मोठ्या यंत्रावरची असंख्य बटणं जाऊन चार उरली. अवजड प्रिंटरच्या जागी तिकीट काढायच्या यंत्रातला छोटा प्रिंटर बसवला. ते बॅटरीवर चालतं, पाठीवरच्या पिशवीत बसतं. तेव्हा किंमत दोन हजार डॉलरच्या जागी आठशे डॉलर झाली, आणि एका तपासणीचा खर्च सुमारे एक डॉलरवर आला. तिकिटाचा प्रिंटर ऊन, धूळ, धक्के सोसतो, हे बसमध्ये बसणाऱ्याने रोज पाहिलेलं असतं.

आणि तिसरं, जे मला चिकपेटेत संध्याकाळी हटकून आठवतं. हरीश हंदे यांनी १९९५ मध्ये सेल्को ही सौरदिव्यांची कंपनी सुरू केली. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर बसून विकणाऱ्या एका बाईने त्यांना शिकवलेला धडा ते सांगतात : महिन्याला तीनशे रुपये तिला परवडत नव्हते, रोजचे दहा परवडत होते. हिशेब तोच. पण तिची कमाई रोज येते आणि रोज संपते. महिनाअखेर नावाची गोष्ट तिच्या आयुष्यातच नाही. दिवा बदलावा लागला नाही. हप्ता बदलला.

दिवे लागल्यावर चिकपेटेच्या तोंडाशी फुलवाल्या बसलेल्या असतात. गजरा इथे 'मोळ'वर मोजून विकतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. फुलवालीचा हात लांब की आखूड, ते गिऱ्हाईक तिथेच डोळ्यांनी पाहतं.

या गल्लीपुढे एक चिवट प्रश्न उभाच आहे. 'चिकपेटेतली गर्दी कशी कमी करायची?' असं विचारलं की उत्तरं ठरलेली : वाहनतळ बांधा, रस्ता रुंद करा, फेरीवाले उठवा. हाच प्रश्न हातगाडी ढकलणाऱ्याजवळ बसून विचारला तर? त्याला खड्ड्याची कड दिसते, माल उतरवायची वेळ दिसते, चढावर चाक अडतं ती एक पायरी दिसते. दुकानदाराला सकाळचे तास हवेत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हातारीला शांत दुपार हवी, मावशीला कुणाच्या धक्क्याविना चालायला दोन हात जागा हवी. एकाचं उत्तर दुसऱ्याची अडचण होतं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून दोन दिवसांत हे सुटेल असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण एका गल्लीत एक महिना माल उतरवायची वेळ बदलून पाहावी, गाडीवाल्यांना विचारावं, चुकलं तर परत फिरावं, एवढं करता येतं. कच्चा नमुना म्हणतात तो हाच.

दुकानातून निघताना विक्रेत्याने मावशीला दोन गोष्टी सांगितल्या. चिठ्ठ्या काढू नका, कुणाला रंग नाही आवडला तर पंधरा दिवसांत बदलून देतो. आणि त्याच पोताची आणखी एक साडी न्या, बारावी. मावशीला वाटलं, झाली विक्रीची युक्ती सुरू. तिने विचारलं, "ही कुणाला?"

"ते मला काय ठाऊक," तो म्हणाला. "पण कुणीतरी राहतंच."

तिने ती घेतली, जराशी नाखुशीनेच. लग्नाच्या आदल्या दिवशी बेळगावहून तिचा फोन आला. महिनाभर त्यांच्या गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणारी शेजारीण, जिला घरात सगळे 'आक्का' म्हणतात, तिचं नाव यादीत नव्हतं. बारावी साडी मोरपंखी होती. आक्काने ती दुसऱ्या दिवशी मांडवात नेसली.

(पुढील लेखांकात : जुनी वस्तू दुरुस्त करताना लागलेले नवे शोध)