सायकलफेरी आखायची ती सगळ्यांत मागच्या बाईसाठी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताई, काकू, मावशी आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींनो, आज आपण सायकलफेरीच्या तयारीबद्दल बोलणार आहोत.

ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये हल्ली ही मागणी वारंवार येते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. दरवर्षी हार, भाषण आणि चहा होतो. यंदा दोन-चार गटांनी मिळून सायकलफेरी काढू, असं मुली म्हणतात. मुली उत्साहात हात वर करतात आणि भिंतीला टेकून बसलेल्या बाया एकमेकींकडे बघतात. कुणी दहावीनंतर सायकलला हात लावलेला नाही, कुणी कधी शिकलीच नाही. म्हणून पहिलीच गोष्ट सांगते. सायकलफेरी आखायची ती सगळ्यांत मागे राहणाऱ्या बाईला समोर ठेवून. अंतर, वेळ, रस्ता, खाणंपिणं, सगळं तिच्या हिशेबाने. पुढच्या पोरी कशाही पोचतातच.

एका दिवसासाठी एवढा खटाटोप कशाला?

आपल्याकडे मुलगी शाळेत असेपर्यंत सायकल चालवते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून तर लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकलीही मिळाल्या. पण लग्न झालं की तीच मुलगी रेशनला, बँकेत, आरोग्य केंद्रात जायला एसटीची नाहीतर जीपची वाट बघत उभी राहते. सायकल घरात असली तरी ती मुलाची असते.

तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोठी मोहीम चालू होती आणि शीला राणी चुंकत तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी साक्षरतेच्या कामातच बायांना सायकल शिकवणं घातलं. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय, की एक लाखाहून जास्त ग्रामीण स्त्रिया या चळवळीत आल्या. लेडीज सायकली पुरेनात म्हणून बायांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून कित्येकींना त्याच आवडल्या. बाया विहिरीचं पाणी सायकलवर आणू लागल्या, माल गावोगाव विकू लागल्या.

आपल्याच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. आज्या पाटी धरू शकतात, तर चाळिशीची बाई हॅंडल धरू शकते. फेरी एका दिवसाची असते, पण तयारीच्या महिन्यात बाई जे शिकते ते तिच्याजवळ राहतं.

दिवस आणि रस्ता

जानेवारीचा पहिला आठवडा आपल्या भागाला सोयीचा आहे. भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते, हवा थंड असते. पुढे उन्हाळा लागला की शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर बायांची सकाळ पाण्यामागे जाते. भातसा, तानसा, वैतरणाचं पाणी मुंबईला जातं आणि हंडे घेऊन आपण चालतो, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये फेरी ठेवली, तर ज्यांच्या दारात नळ आहे त्याच येतील. अजून एक. दिवाळीनंतर कातकरी वाड्यांवरची बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात. भट्टी जवळ असेल तर त्या मैत्रिणींना आधी निरोप द्या. नाहीतर यादीत त्यांची नावं कधी येतच नाहीत.

रस्ता निवडताना मुंबई–नाशिक महामार्ग आणि कल्याण–माळशेजचा महामार्ग टाळा. तिथे ट्रक, ट्रेलर, डंपर वेगात असतात. महामार्ग ओलांडायचाच असेल तर सगळ्यांनी सायकलवरून उतरायचं, हातात धरून एकत्र ओलांडायचं. दोन्ही तालुक्यांच्या गटांना भेटायचं असेल, तर किन्हवली ते सरळगाव रस्त्यासारखा रस्ता घ्या. एक गट शहापूरच्या बाजूने, दुसरा मुरबाडच्या बाजूने निघेल आणि मध्ये एखाद्या गावात शाळेच्या पटांगणात भेट होईल. म्हणजे कुणालाच पूर्ण अंतर कापावं लागत नाही. त्या रस्त्यावरही एसटी आणि टेम्पो असतात, म्हणून सकाळी सातला निघून ऊन चढायच्या आत परतायचं.

जाऊन-येऊन पंधरा ते वीस किलोमीटर पुष्कळ झालं. साध्या सायकलवर घोळक्याने जाताना तासाला आठ-दहा किलोमीटर धरा. आठवडाभर आधी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून रस्ता बघून या. मीटरवर अंतर मोजा. खड्डे, चढ, अरुंद पूल, मोकाट कुत्री, सावली, पिण्याचं पाणी आणि बायांना जाता येईल असं शौचालय कुठे आहे, हे वहीत लिहा. शौचालय नसेल तर बाया पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येते. म्हणून ही नोंद सगळ्यांत महत्त्वाची.

सायकल

नवी सायकल घ्यायची गरज नाही. घरात, शेजारी, माहेरी पडून असलेली बाहेर काढा. टी-शर्ट आणि बॅनरवर पैसे घालायच्या आधी ब्रेकवर घाला. खर्च किती आणि कुठून, हे गटाच्या इतिवृत्तात लिहा.

प्रत्येकीने पाच गोष्टी तपासायच्या. एक, हवा: टायर अंगठ्याने जोरात दाबला तर जेमतेम दबला पाहिजे. दोन, ब्रेक: पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकला, चाक फिरता कामा नये, मग मागचा दाबून तसंच. ब्रेकचे रबर झिजले असतील तर बदला. तीन, चेन: गंज पुसून तेल घाला, सैल असेल तर ओढून घ्या. चार, हॅंडल: पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हॅंडल फिरवून बघा, एकटंच फिरलं तर नट सैल आहे. पाच, सीट: नव्याने शिकणारीचे पाय बसल्या बसल्या जमिनीला टेकले पाहिजेत. घंटी विसरू नका. दुरुस्तीवाल्या दादाला एक दिवस गावात बोलवलं, तर सगळ्या सायकली एकदमच होतात आणि पंक्चर काढायचंही दोघी-तिघींना शिकता येतं.

चार आठवडे

पहिल्या आठवड्यात यादी करा: कुणाला येतं, कुणाला येत नाही, कुणाकडे सायकल आहे. ज्या गरोदर आहेत, ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. ज्यांना सारखा थकवा येतो त्यांनी आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यायचं. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावं. यायचं असेल तर कुणी अडवू नये, नसेल तर कुणी ओढू नये.

दुसऱ्या आठवड्यात शिकणं. जागा सपाट आणि घट्ट हवी: शाळेचं पटांगण किंवा सारवलेलं खळं. भात कापलेल्या शेतात नको, धसाला अडकून पडायला होतं. सीट खाली करा. पॅडलला हात, म्हणजे पायच, लावू नका. बसून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जा. नजर चाकाकडे नाही, समोर. दहा पावलं पाय वर ठेवून सायकल उभी राहिली, की तोल आला. मग पॅडल. मागून कॅरियर धरून पळणारा नवरा किंवा भाऊ लागत नाही. रोज अर्धा तास पुरे.

तिसऱ्या आठवड्यात जोड्या लावा. येणारी एक, नवीन एक. गावातल्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर. चौथ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून अर्धं अंतर करायचं, ज्या कपड्यात फेरीला जाणार त्याच कपड्यात. साडी असेल तर पदर कमरेला खोचून, निऱ्या वर घेऊन, आणि शक्यतो लेडीज सायकल. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणीला गाठ. मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. हेल्मेट मिळालं तर जरूर घाला. ज्यांना अजून तोल येत नाही त्या फेरीला येतातच. त्या पाण्याच्या थांब्यावर, नोंदीवर, सोबतच्या गाडीत काम सांभाळतात. शिकणं त्यांचं पुढे चालूच राहील.

रस्त्यावर

दिंडीत पताका पुढे असते आणि तिला ओलांडून कुणी जात नाही. तसंच इथे. पुढे चालणारी बाई वेगवान नको, संथ हवी. तिने दर थोड्या वेळाने मागे बघायचं. सगळ्यांत शेवटी अनुभवी बाई, तिच्याकडे पंप, पाना, पंक्चरचं सामान आणि शिट्टी. तिच्या मागे कुणीही राहायचं नाही. डाव्या बाजूने, एका रांगेत, दोन सायकलींमध्ये एका सायकलीएवढी जागा सोडून. गप्पा थांब्यावर. पुढचीने "खड्डा" किंवा "गाडी" ओरडलं की प्रत्येकीने मागे ओरडायचं. थांबायचं असेल तर आधी हात, मग ब्रेक, आणि रस्त्याच्या खाली उतरून थांबायचं. पंधरा-वीस जणींपेक्षा जास्त असतील तर दोन घोळके करा.

किन्हवली, टोकावडे, शहापूर किंवा मुरबाड, जे पोलीस ठाणे लागत असेल तिथे आधी लेखी कळवा: तारीख, वेळ, रस्ता, किती जणी, दोघींचे फोन नंबर. ग्रामपंचायतीलाही प्रत द्या. सोबत एक टेम्पो किंवा रिक्षा ठेवा. दमलेली बाई त्यात बसली तर ती हरली असं कुणी म्हणायचं नाही. रुग्णवाहिकेचा नंबर १०८, पोलिसांचा ११२, महिला हेल्पलाइनचा १८१. हे प्रत्येकीला पाठ हवेत, कारण मोबाइल एकीकडेच असतो.

निघण्यापूर्वी भाकरी-भाजी खाऊन या, उपाशी नको. जवळ गूळ-शेंगदाणे, केळं आणि एक लिटर पाणी ठेवा. थांब्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्या. चमचा चहाचा, सपाट भरलेला.

परतल्यावर

निघताना जेवढ्या मोजल्या तेवढ्या परत मोजा. मग पाच मिनिटं बसा आणि शेवटी पोचलेल्या मैत्रिणीला पहिलं विचारा: कुठे जड गेलं, कुठे भीती वाटली? तिचं उत्तर वहीत लिहा, पुढच्या वर्षीचा रस्ता त्यावरून ठरेल. आणि त्याच बैठकीत ठरवा, की पुढच्या हप्त्याचे पैसे बँकेत भरायला कोणत्या दोघी सायकलवरून जाणार.