भरपाई : खैरात नव्हे, हक्क

समजा, मालेगावात एक शिंपी आहेत. त्यांचे वय अडतीस वर्षे. एके दिवशी ते भावाच्या मोटारीतून नाशिकला निघाले. वाटेत सिग्नलपाशी मोटार थांबली. इतक्यात मागून दुसरी मोटार आली आणि धाडकन आदळली. काच फुटली नाही, रक्तही आले नाही. मागचा चालक खाली उतरला. त्याने पाचशे रुपये पुढे केले आणि म्हणाला, "भाईसाहेब, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता? इथेच मिटवून टाकू." शिंप्यांनाही ते पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांना मान वळवता येईना. शिलाई यंत्रावर बसताच मानेपासून पाठीपर्यंत कळ जाऊ लागली.

असे का झाले? मागून धक्का बसला की मोटार पुढे ढकलली जाते. आसनाला टेकलेली पाठही तिच्याबरोबर पुढे जाते. डोके मात्र क्षणभर जागीच राहते. त्यामुळे मान झटक्याने मागे आणि मग पुढे वाकते. तिचे स्नायू आणि हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात. एक्स-रेमध्ये मुख्यतः हाडे दिसतात. म्हणून ही इजा त्यात बहुधा दिसत नाही. वेदनाही कित्येकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. "वरून तर काहीच दिसत नाही," असे लोक म्हणतात. पण न दिसणारी जखमही जखमच असते. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा वाटत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

अशा जखमी माणसासाठी आपल्या देशात कायदा आहे. त्याचे नाव मोटार वाहन कायदा, १९८८. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देता यावी, म्हणून वाहनाचा विमा काढणे या कायद्याने सक्तीचे केले आहे. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवणे हेही मागच्या चालकाचे कर्तव्य आहे. जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण जिथे राहतो तिथे हा अर्ज करता येतो. २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. म्हणून उशीर करू नये. दावा, हक्क, नुकसान, रक्कम, मुदत, वकील हे शब्द तुम्ही उर्दूतही वाचता. तेव्हा कायद्याची ही भाषा तुम्हाला परकी वाटू नये.

भरपाईची रक्कम कशी ठरते? औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढे लागणारे उपचार, सोसलेल्या वेदना आणि कमी झालेली कमाई या सर्वांचा विचार होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निकालात एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. शरीराचे अपंगत्व किती टक्के आहे, एवढेच पाहून भागत नाही; त्यामुळे त्या माणसाच्या कमाईवर किती परिणाम झाला, हे पाहावे लागते. मान न वाकणे हे दुकानदाराला कमी अडेल, पण शिंप्याचा तर धंदाच मान वाकवून चालतो.

एक सोपा हिशेब करू. आपल्या शिंप्यांची कमाई महिन्याला १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये आहे. कमाईची ताकद कायमची १० टक्के घटली असे ठरले, तर वर्षाचे नुकसान १४,४०० रुपये होते. ३६ ते ४० या वयासाठी न्यायालये १५ हा गुणक वापरतात. १४,४०० गुणिले १५, म्हणजे २,१६,००० रुपये. ही झाली फक्त घटलेल्या कमाईची रक्कम. इतर खर्च वेगळा. आता ते पाचशे रुपये आठवा!

परंतु दावा सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो. म्हणून मागच्या वाहनाचा क्रमांक लिहून घ्यावा. साक्षीदारांची नावे विचारावीत. पोलिसांना खबर द्यावी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि केसपेपर, औषधांच्या पावत्या व कमाईच्या नोंदी जपून ठेवाव्यात. शिंप्यांनी दुसऱ्या दिवशी उठून हे सारे केले, तरी त्यांचा मार्ग बंद होत नाही. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कमी उत्पन्नाच्या लोकांना तेथे मोफत मदत मिळते.

मुलांनो, एक गोष्ट मात्र कधी विसरू नका. दुखणे असेल तेवढेच सांगावे. खोटा दावा करणारा केवळ विमा कंपनीला फसवत नाही. तो खऱ्या जखमींवरचा विश्वासही कमी करतो. पण दुखणे खरे असेल, तर गप्प बसू नये आणि लाजूही नये. भरपाई मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. ज्याच्या चुकीमुळे आपले नुकसान झाले, त्याच्याकडून आपला हक्क घेणे आहे.