रायफलीचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. रायफलीच्या बाबतीत मात्र दोन्ही विचारली पाहिजेत, आणि विचारली तर ती उत्तरही देते. तिचे उत्तर तिच्या अंगावरच कोरलेले असते. वाचणारे डोळे तेवढे हवेत.

वसंतातल्या संध्याकाळी हा लोखंडी विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण ही वस्तू आपल्याला परकी नाही. पोलिस ठाण्याच्या दारात, तिजोरीच्या पहाऱ्यावर, हुतात्म्याला मानवंदना देताना आपण ती वर्षानुवर्षे पाहिली आहे. तिचे नाव ‘थ्री नॉट थ्री’. नळीचे तोंड एका इंचाच्या हजार भागांपैकी 303 भाग रुंद, म्हणजे 7.7 मिलिमीटर; वजन सुमारे चार किलो; पेटीत दहा गोळ्या. तिच्याकडे बोट दाखवून ‘इंग्रजांच्या वेळची आहे’ असे म्हणण्याची रीत पडून गेली आहे. हे विधान पुष्कळदा अर्धेच खरे असते. कधी कधी ते साफ खोटेही असते. ते कसे ओळखावे, हा आजचा विषय.

जुन्नरकरांना ही विद्या नवी नाही. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख ह्याच तालुक्यातला. भोवतालच्या डोंगरांत जी लेणी आहेत, त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दाते आणि त्यांची दाने नोंदलेली आहेत. त्यांत बुरुडांच्या श्रेणीचे नाव येते, काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीचे येते, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचेही येते. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची संघटना. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. त्यामुळे राजाराण्यांच्या नावांपेक्षा ही नावे वाचताना आम्हाला अधिक आपलेपणा वाटतो. तर रायफलीवरचा लेखही असाच वाचायचा: कोणत्या राजाच्या काळी, कोणत्या श्रेणीने, कोणत्या वर्षी.

लाकडी दस्ता पोलादी अंगात जेथे बसतो, तेथे एक रुंद कडे असते. त्याच्या उजव्या अंगावर मुख्य लेख सापडतो. सर्वांत वर राजमुकुट. त्याखाली राजाची अक्षरे: एडवर्ड असेल तर ‘ई. आर.’, जॉर्ज असेल तर ‘जी. आर.’. हिंदुस्थानात घडलेल्या रायफलीवर पुष्कळदा ‘जी. आर. आय.’ अशी तीन अक्षरे असतात. तिसरे अक्षर सम्राटपदाचे. म्हणजे विलायतेत नुसता राजा आणि आपल्या उरावर सम्राट! त्याखाली कारखान्याचे नाव, मग वर्ष, मग नमुन्याचा क्रमांक. ह्या आखूड रायफलीचा पहिला नमुना 1903 चा, आणि जो सर्वत्र पसरला तो तिसरा नमुना 1907 चा. बोल्टची मूळ रचना जेम्स पॅरिस ली ह्या यंत्रज्ञाची. लंडनच्या उत्तरेला एनफील्ड येथे सरकारी कारखाना होता, म्हणून जोडनाव ‘ली-एनफील्ड’. तो एनफील्डचा कारखाना 1988 साली बंद झाला.

पण एनफील्ड हे एकच माहेर नव्हे. ‘बी. एस. ए.’ ही अक्षरे असली तर ती बर्मिंगहॅमच्या खाजगी कंपनीची. ज्यांनी जुनी बी. एस. ए. सायकल चालवली आहे, त्यांना तिच्यावरचे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकींचे चिन्ह आठवत असेल. ते ह्याच घराण्याचे. सायकलीच्या आधी तो कारखाना बंदुका करीत असे. ऑस्ट्रेलियातील लिथगो येथेही 1912 पासून कारखाना होता. तिथे पुढे स्थानिक, जरा मऊ लाकूड वापरावे लागले. धक्क्याने ते चेपू नये म्हणून आत तांब्याच्या पट्ट्या बसवीत. लाकूड उतरवले आणि तांबे दिसले की जाणकार लिथगोकडे बोट दाखवतो. आणि आपले घर म्हणजे कलकत्त्याजवळ हुगळीकाठी असलेले ईशापूर. तिथे दारूचा कारखाना अठराव्या शतकापासून होता; रायफलीचा 1904 सालचा. म्हणजे ज्या रायफलीला आपण ‘इंग्रजांची’ म्हणतो, ती अनेकदा बंगालातल्या भट्टीजवळ आपल्याच कामगारांच्या घामात घडलेली असते. मुकुट त्यांचा, कानस आपली.

इथपर्यंत झाले मूळ. खरी गंमत आहे ती कुळात, जन्मानंतरच्या इतिहासात.

रायफल लढाईवर गेली की तिची नळी झिजते, लाकूड तडकते, स्प्रिंगा थकतात. ती मोडीत काढण्याऐवजी कारखान्यात परत आणून पुन्हा सैन्याच्या मापाला उतरवतात. ह्या पूर्ण दुरुस्तीचे चिन्ह ‘एफ. टी. आर.’. साध्या दुरुस्तीला नुसते ‘एफ. आर.’ असेही आढळते. शेजारी दुरुस्तीचे वर्ष, आणि ईशापूरला झाली असल्यास ‘आर. एफ. आय.’ ही अक्षरे. एकाच रायफलीवर 1917 हे जन्मवर्ष आणि त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी झालेल्या दुरुस्तीचे वर्ष, असे दोन्ही वाचता येते. सरकारी नोकराच्या सेवापुस्तकासारखेच हे आहे. नेमणुकीची तारीख पहिल्या पानावर असते, पण माणूस कामाला लायक आहे की नाही हे शेवटच्या नोंदीवरून कळते.

ही दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी नव्हे, हे नीट समजून घ्यावे. रायफल सुटी करून प्रत्येक भाग मापाला लावतात. नळीच्या आतले पिळाचे आटे झिजले असतील तर नळीच बदलतात. सर्वांत नाजूक काम बोल्टचे. गोळी उडते तेव्हा काडतुसाची पितळी टोपी प्रचंड जोराने मागे रेटली जाते आणि तो सारा जोर बोल्टच्या दोन खांद्यांवर येतो. दोन्ही खांदे अंगाच्या खाचेत सारखे टेकले पाहिजेत. एक टेकला आणि दुसरा अधांतरी राहिला तर भार एकावरच पडतो. बोल्ट आणि काडतुसाचे बूड ह्यांत गाळा जास्त राहिला तर टोपी फाटून तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येऊ शकतो. म्हणून फिटर हा बोल्ट त्या एका रायफलीसाठी हाताने बसवतो आणि मग तिचाच नंबर बोल्टच्या मुठीवर ठोकतो. शेवटी नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून परीक्षा होते, आणि तपासनीस आपली खूण मारतो.

म्हणून रायफल वाचणारा वर्ष पाहण्याआधी नंबर जुळवतो. अंगावरचा, नळीवरचा, बोल्टवरचा नंबर एक असला तर ती एका संसारातली. जुना नंबर खोडून नवा मारला असेल आणि शेजारी दुरुस्तीची खूण असेल, तर तो रीतसर पुनर्विवाह समजावा. पण नंबर निराळे आणि खूण कुठलीच नाही, तर दोन-तीन मोडक्या रायफली एकत्र करून कुणीतरी एक उभी केली आहे. अशा वेळी वरच्या ताज्या रोगणाला भुलू नये. आमच्या मते चोर आणि कारागीर ह्यांतला फरक एवढ्या एका खुणेचा आहे. खूण मारणारा आपल्या कामाची जबाबदारी घेतो.

ईशापूरची दुरुस्ती आणखी एका गोष्टीवरून दुरून ओळखू येते. पेटीच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू दिसतो. लाकूड फाटू नये म्हणून ही योजना. कुणा साहेबाच्या नावाने नव्हे, तर ‘ईशापूर स्क्रू’ ह्या नावाने ती जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे.

आता जी रायफल सर्वांत जास्त फसवते तिच्याकडे येऊ. 1962 साली चिनी आक्रमणाला तोंड देताना आपल्या जवानांच्या हाती हीच बोल्टची रायफल होती. त्या सुमारास सैन्य 7.62 मिलिमीटरच्या काडतुसाकडे वळत होते. ईशापूरने जुन्याच घडणीची, पण अधिक चांगल्या पोलादाची आणि ह्या नव्या काडतुसाची रायफल काढली. तिला ‘2ए’ आणि नंतर ‘2ए1’ म्हणतात. दिसायला ती आजीसारखी, जन्माने नात. पेटी बारा गोळ्यांची आणि चौकोनी, मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. पुष्कळ लोक तिला ‘जुनी थ्री नॉट थ्री बदलून केलेली’ समजतात. ते बरोबर नाही. ती स्वतंत्र भारतात नव्याने घडवलेली आहे. वर ज्याला साफ खोटे विधान म्हटले, ते हेच.

ह्याच्या उलट जात पोलिसी ‘मस्केट’ची. बाहेरून पाहिली तर थ्री नॉट थ्रीच. पण आतले पिळाचे आटे कापून नळी गुळगुळीत आणि रुंद,.410 ची केलेली. पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवलेला, म्हणजे एका वेळी एकच बार. असे का केले? चांगले हत्यार खर्च करून बिघडवण्याची ही रीत जुनी आहे. 1857 नंतर सरकारचा देशी शिपायावर विश्वास उरला नव्हता; त्याच्यासाठी एनफील्ड बंदुकीच्या नळ्यांतले आटे काढून टाकले गेले. 1857 मध्येच निःशस्त्रीकरणाचा कायदा आला, 1878 साली हत्यारांचा व्यापक कायदा आला, आणि त्यातून गोऱ्यांना सूट होती. सह्याद्रीच्या ह्या पट्ट्यात राघोजी भांगरे आणि पुढे होन्या केंगले ह्यांची सावकारी विरुद्धची बंडे झाली होती. इथल्या माणसाच्या हाती काय असावे, ह्याची सरकारला किती काळजी होती हे वेगळे सांगायला नको. .410 ची मस्केट त्याच विचाराची पुढची पायरी. पोलिसाच्या हातून ती हिसकावली गेली तरी सैन्याची काडतुसे तिला चालणार नाहीत. आणि जमावावर चालवायला ती पुरेशी. संपावर आणि मोर्चावर बंदूक रोखली गेली की आपण समोरच्या पोलिसावर संतापतो. त्याच्या हातातले हत्यारही त्याच्यावरच्या अविश्वासातून घडलेले होते, हे ध्यानात ठेवावे.

नागरिकाच्या परवान्याच्या रायफलीतही हीच भीती लपलेली आहे. सैन्याचे काडतूस रयतेच्या हाती जाऊ नये म्हणून इथे .303 वर बंदी आली आणि .315 हा निराळा बोअर रूढ झाला. ईशापूरने त्याची शिकारी रायफल ली-एनफील्डच्याच धर्तीवर केली. बोल्ट उघडून पाहिला की घराणे लगेच ओळखू येते. आपल्याकडे बिबट्याच्या आणि रानडुकरांच्या त्रासामुळे परवान्याचा विषय वारंवार निघतो. पीकरक्षणासाठी कायद्यात जी सवलत आहे ती गुळगुळीत नळीच्या बंदुकीची आहे, रायफलीची नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

काही रायफली परदेशी गेल्या. इंग्लंडमध्ये सैन्यातून विकताना दोन बाण एकमेकांकडे तोंड करून ठोकत. सरकारी मालकी संपली असा त्याचा अर्थ. अमेरिकेत आयात करणाऱ्याला आपले नाव आणि गाव त्या हत्यारावर उमटवावेच लागते. तेव्हा ईशापूरच्या अक्षरांशेजारी एखाद्या अमेरिकन गावाचे नाव वाचायला मिळते. आणि काही रायफली शाळा-कॉलेजांत आल्या. राष्ट्रीय छात्रसेना 1948 ची. तिथे कवायतीला मिळालेल्या रायफलीवर ‘डी. पी.’ अक्षरे असली तर ती केवळ कवायतीची. ती पुन्हा कधी गोळी उडवू नये म्हणून नळीला भोक पाडलेले असते.

रायफलीचे कूळ सांगणारा एक धागा आपल्या जिल्ह्यातून जातो. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. तिथल्या काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे आणि वर्ष असते. वर्तमानपत्रांत खटल्यांच्या बातम्यांत ही दोन अक्षरे अधूनमधून येतात, आणि वाचणाऱ्याला ती एखाद्या परदेशी कंपनीची वाटतात. ती खडकीचीच आहेत. ह्या कारखान्यांतल्या कामगारांना देशव्यापी संघटनेत बांधणाऱ्यांत एसेम जोशी होते, आणि एसेमचा जन्म 1904 साली जुन्नरचा. ईशापूरचा रायफल कारखाना निघाला तेही तेच साल! 1 ऑक्टोबर 2021 रोजी सरकारने हे सारे कारखाने सात कंपन्यांत वाटले. खडकी एका कंपनीत गेली, ईशापूर दुसरीत. कामगार संघटनांनी ह्याला विरोध केला; आमचाही आहे, आणि त्याचे एक कारण ह्या लेखाच्या विषयातच आहे. रायफलीवरची खूण कारखान्याची असते. त्या खुणेमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हात शिकलेला असतो, आणि तो कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-47 पुढे पोलिसांच्या हाती ह्या रायफली होत्या. त्यानंतर त्या निवृत्त करण्याची घाई झाली, ती योग्यच झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताकदिनी संचलन करून तिला निरोप दिला. निवृत्त हत्यार कापून भट्टीत जाते. तेही योग्य, चुकीच्या हाती जाण्यापेक्षा वितळलेले बरे. पण कापण्यापूर्वी कड्यावरचे चार शब्द, दुरुस्तीची वर्षे आणि तपासनिसांच्या खुणा एका वहीत उतरवून घ्यायला एका रायफलीमागे पाच मिनिटे पुरतात. कारकून हवा एक, आणि एक जुना फिटर, ज्याला ती अक्षरे वाचता येतात.