बल्लारपूरचे भागधारक

गावाचे आणि कंपनीचे नाव एकच असले की, गुंतवणूकदाराची एक मोठी फसगत होते. ती कोणी करीत नाही, आपोआप होते. वर्धा नदीच्या काठी, गोंड राजांच्या जुन्या किल्ल्याच्या सावलीत वसलेले बल्लारपूर हे गाव आणि बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनी यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. चंद्रपूर जिल्ह्यातील शिक्षक, कारकून, रेल्वेचे नोकर यांच्या दृष्टीने 'बिल्ट'चा भाग म्हणजे डोळ्यांसमोर उभा असलेला कारखाना, त्याची जमीन, त्याची यंत्रे आणि त्याचे धुराडे होते. कागदोपत्री तो भाग म्हणजे काही वेगळेच होते, आणि हा फरक ज्यांना उशिरा कळला त्यांनी त्याची किंमत मोजली.

१९४५ साली स्थापन झालेली ही कंपनी थापर उद्योगसमूहाची. बांबूची विपुल जंगले, वर्धेचे पाणी, हाताशी कोळसा आणि मद्रासकडे जाणारा लोहमार्ग, एवढी सामग्री एका ठिकाणी असल्यावर कागदाचा कारखाना येथे न निघता तरच नवल. पुढे आष्टी येथेही, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, कागद होऊ लागला. २००१ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवणचा सिनार मास समूहाचा कारखाना कंपनीने घेतला. लिहिण्याच्या व छपाईच्या कागदात देशातील अग्रगण्य कंपनी, अशी तिची ख्याती झाली. वह्या बल्लारपूरच्या कागदाच्या, आणि बचतही बल्लारपूरच्या कागदाची, असे विदर्भातल्या कित्येक घरांतले चित्र होते.

मोठेपणाची हाव मात्र देशाबाहेर गेली. २००७ मध्ये मलेशियातील सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज ही कंपनी सुमारे २६ कोटी डॉलर देऊन घेण्यात आली. लगदा स्वस्त मिळेल, हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. परंतु पैसा कर्जाचा होता. पुढे रुपया घसरला. आणि आसियान देशांशी झालेल्या करारानुसार २०१४ पासून तेथून येणाऱ्या कागदावरील आयातशुल्क शून्यावर आले. म्हणजे ज्या दिशेला कंपनी स्वस्त माल शोधायला गेली, त्याच दिशेकडून स्वस्त कागद तिच्या बाजारात येऊन पडला. २०१५ मध्ये सबाहची कंपनी विकण्याचा करार झाला, तो तडीस गेला नाही. इकडे बल्लारपुरात खेळत्या भांडवलाअभावी यंत्रे थांबली, पगार थकले. ज्या भागाचा भाव २०१० च्या सुमारास तीस रुपयांच्या वर होता, तो रुपया-दोन रुपयांच्या पातळीवर आला.

या घसरणीच्या काळातील गुंतवणूकदारांची मते हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सर्वांत लोकप्रिय मत असे की, "एवढा जुना कारखाना, एवढी जमीन, हा बुडेल कसा?" त्याच्या खालोखाल, "सरकार कारखाना बंद पडू देणार नाही." आणि तिसरे मत गणिती वेष घालून येते: "रुपयाचा भाग दोन रुपये झाला तरी पैसे दुप्पट." हा भाग शून्य रुपयेही होऊ शकतो, ही गणिताची दुसरी बाजू मात्र कोणी मांडत नाही. स्वस्त भाग आणि कमी किमतीचा भाग यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तीस रुपयांचा भाग स्वस्त असू शकतो आणि एक रुपयाचा अतिशय महाग.

याच पठडीतला आणखी एक उद्योग म्हणजे 'सरासरी उतरविणे'. समजा, एका शिक्षकाने शंभर भाग तीस रुपयांनी घेतले. भाव दहावर आल्यावर तीनशे आणखी घेतले. दोनवर आल्यावर हजार घेतले. गुंतले आठ हजार, हाती भाग चौदाशे, सरासरी खरेदीभाव पावणेसहा रुपयांच्या आत. पहिल्या तीस रुपयांच्या मानाने हा आकडा मनाला फार दिलासा देतो. परंतु दोन रुपयांच्या भावाने त्या भागांची किंमत होते दोन हजार आठशे. सरासरी उतरली, तोटा मात्र वाढला. पहिल्याच खरेदीवर तो थांबला असता तर त्याने तीन हजारांहून अधिक गमावणे शक्यच नव्हते. आठ हजार गेले ते आधीचा निर्णय बरोबर ठरविण्याच्या आग्रहापायी.

परंतु खरी गोष्ट याहून खोल आहे. बल्लारपूर आणि भिगवणचे कारखाने मूळ कंपनीच्या नावावर राहिलेच नव्हते. ते बिल्ट ग्राफिक पेपर प्रॉडक्ट्स या उपकंपनीकडे होते. आणि त्या उपकंपनीची मालकी नेदरलँड्समध्ये नोंदलेल्या धारक कंपनीमार्फत मूळ कंपनीकडे येत होती. २०११ मध्ये या डच कंपनीचे भाग लंडनच्या बाजारात विकण्याचा घाट घातला गेला होता, तो बारगळला. म्हणजे भागधारकाच्या हातातील कागद हा कारखान्यावरचा हक्क नव्हता. कारखान्याच्या मालकाच्या मालकाच्या मालकीतील एक अंश होता. आणि प्रत्येक पायरीवर आधी धनको उभे होते. हे सारे वार्षिक अहवालात छापलेले असते. पण तो अहवाल इंग्रजीत, दोन-अडीचशे पानांचा. घरात आला की वर्तमानपत्रांच्या रद्दीवर पडायचा.

जानेवारी २०२० मध्ये मूळ कंपनी नादारी व दिवाळखोरी संहितेखाली गेली आणि २०२३ मध्ये फिनक्वेस्ट या वित्तसंस्थेची योजना मंजूर झाली. २०१६ च्या या संहितेत देणी फेडण्याचा क्रम स्पष्ट आहे: प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांपर्यंतची थकबाकी आणि तारणधारक धनको, नंतर इतर नोकर, विनातारण धनको, सरकार, उरलेली देणी, अग्रहक्क भागधारक आणि सर्वांत शेवटी सामान्य भागधारक. या पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढप पोहोचणे विरळाच. दिवाण हाउसिंगच्या प्रकरणी तर जून २०२१ मध्ये व्यवहार थांबेपर्यंत तो भाग सोळा-सतरा रुपयांनी घेणारे लोक होते, आणि मंजूर योजनेत जुन्या भागधारकांच्या वाट्याला शून्य होते. बाजाराच्या फळ्यावर भाव लागलेला दिसतो म्हणून त्या भागात काही मोल असलेच पाहिजे, ही समजूत तेथे संपली. सामान्य भागधारकाला पुनर्रचित कंपनीत काही वाटा मिळावा, असा प्रस्ताव सेबीने नोव्हेंबर २०२२ मध्ये चर्चेसाठी मांडला होता. प्रस्ताव विचारार्ह आहे. पण त्याच्या आशेवर रुपयाचा भाग घेणे म्हणजे न झालेल्या पावसावर पेरणी करणे होय.

आणि गंमत अशी की, बल्लारपूरचा कारखाना चालू राहिला. मूळ कंपनी दिवाळखोरीत असतानाच मे २०२२ मध्ये त्याच्या लाकूड आगाराला मोठी आग लागली, तेव्हा तेथे कच्च्या मालाचे ढीग रचलेले होते. धुराडे आहे आणि भाग नाही, हे गावकऱ्याला अजूनही पटत नाही. तिकडे सीमेपलीकडे कागजनगरचा सिरपूर कारखाना २०१४ मध्ये बंद पडला आणि २०१८ मध्ये याच संहितेखाली जे. के. पेपरकडे गेला. कागदाचा धंदा बुडाला होता असे नव्हे. कर्जाचा डोंगर नसलेल्या हातात तोच धंदा तगला.

ताळेबंदात न दिसणारी एक बाजू बांबूचीही आहे. पिढ्यान् पिढ्या कारखान्याला जंगल सवलतीच्या दराने मिळत होते. म्हणजे भागधारकाच्या लाभांशात बुरडाचा आणि आदिवासीचा न मोजलेला हिस्सा होता. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली बांबूवरील हक्क मिळविला आणि एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून बांबू हा कारखान्यांना हवा त्या भावाने मिळणारा माल राहिला नाही. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. भागाचे मोल ठरविणाऱ्या कितीजणांनी ही घटना हिशेबात धरली, हा प्रश्न वेगळा.

आज या दोन जिल्ह्यांत चर्चा आहे ती दुसऱ्याच भागाची. घुग्घुस येथे पोलाद उद्योगाच्या कच्च्या लोखंडाचा कारखाना आणि एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखनिजाची खाण असलेली लॉइड्स मेटल्स ही कंपनी कित्येक वर्षे रखडत होती. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला सत्तरहून अधिक वाहने जाळण्यात आली, तेव्हा तिच्या भागाला कोणी विचारीत नव्हते. २०२० मध्ये दहा रुपयांच्या आसपास असलेला हा भाग २०२४ च्या अखेरीस हजार रुपयांच्या पुढे गेला. "तेव्हा घेतला असता तर" हे वाक्य आता चंद्रपूरच्या कचेऱ्यांतून रोज ऐकू येते, आणि याच वाक्याच्या जोरावर उद्याच्या बिल्टचे भाग खपतील. दहा रुपयांच्या ज्या शंभर भागांपैकी एक हजारावर गेला, त्याची कहाणी सांगितली जाते; उरलेल्या नव्याण्णवांची सांगायला कोणी उरत नाही.

१ जानेवारी २०२५ रोजी कोनसरी येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते कंपनीच्या कामगारांना भागांची प्रमाणपत्रे देण्यात आली. कामगार मालकीत सहभागी व्हावा, ही कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने कामगाराचा पगार, त्याची बचत आणि त्याच्या गावातल्या दुकानाची उलाढाल ही तिन्ही आता एकाच डोंगरातल्या खनिजावर उभी आहेत. लोखंडाचा भाव जगात कोठेही पडला तर तिन्हींवर एकदमच घाव बसेल. बल्लारपुरात यंत्रे थांबली तेव्हा पगारही थांबला होता आणि भागाला भावही नव्हता. तेव्हा हे भाग कधी विकता येतात, त्यांतला किती हिस्सा विकून पैसा टपाल कार्यालयात किंवा बँकेत ठेवावा, हे त्या कामगाराला मराठीत, गोंडीत आणि माडियात समजावून सांगण्याचे काम गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागांनी सुट्टीच्या दिवशी सहज करता येण्याजोगे आहे. वर्गात शिकविण्याचे उदाहरण त्यांना बल्लारपुराहून आणता येईल.