प्रकाशाचा जमाखर्च

घरचा जमाखर्च मांडतांना शहाणा गृहस्थ महिनाअखेर काय शिल्लक उरेल हें आधींच पाहतो. कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या साहाय्यानें संदेश धाडणाऱ्या अभियंत्यालाहि असाच हिशेब करावा लागतो. मात्र त्याच्या वहींत रुपयांच्या जागीं प्रकाश असतो.

कांच कितीहि शुद्ध असो, ती थोडा प्रकाश शोषते व थोडा विखुरते. हा ऱ्हास डेसिबल या मापानें मोजतात. ३ डेसिबल ऱ्हास झाला कीं प्रकाश सुमारें निम्मा उरतो, १० झाला कीं दशांश व २० झाला कीं शतांश. या मापाची मोठी सोय अशी कीं, वाटेंतील सर्व ऱ्हासांची नुसती बेरीज करून भागतें.

१९६६ सालीं चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं इंग्लंडांत असें प्रतिपादन केलें कीं, किलोमीटरमागें ऱ्हास २० डेसिबलांवर आणतां आला तर असे तंतू दूरसंदेशास उपयोगी पडतील. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनीं ती मजल गांठली. आज उत्तम तंतूंत तो ०.२ च्या आसपास असतो.

आतां ४० किलोमीटरांचा एक मार्ग घेऊं. किलोमीटरमागें ०.२५ धरल्यास तंतूचे १० डेसिबल झाले. चार-चार किलोमीटरांचे दहा तुकडे जोडावयाचे, म्हणजे नऊ सांधे. दर सांध्यास ०.१ प्रमाणें ०.९. दोन टोकांच्या दोन कनेक्टरांचा प्रत्येकीं ०.५ प्रमाणें १. एकूण खर्च ११.९. प्रेषकयंत्र १ मिलिवॉट प्रकाश सोडतें व ग्राहकयंत्रास त्याचा शतांश पुरतो असें समजलें, तर जमा २० डेसिबल; शिल्लक ८.१.

ही शिल्लक उधळावयाची नव्हे. उद्यां कुणाची कुदळ केबलवर पडेल. दुरुस्तींत नवा तुकडा घातला कीं दोन सांधे वाढतील. प्रेषकयंत्रहि जुनें होऊन मंदावेल. म्हणून निदान ३ डेसिबल राखून ठेवावे. ज्यानें ते राखले नाहींत, त्याची तार उद्घाटनाच्या दिवशीं बोलते आणि चार दुरुस्त्यांनंतर मुकी होते.

अंदाजाचा आणखीहि एक उपयोग आहे. केबल टाकल्यावर मोजमापांत ११.९ ऐवजीं १६ आले, तर कोठें तरी तंतू फार वांकला आहे, सांधा कच्चा आहे किंवा कनेक्टरावर धूळ बसली आहे, हें तत्काळ उमगतें. ज्यानें आधीं हिशेबच मांडला नाहीं, त्याला १६ हा आंकडा निमूटपणें खरा मानावा लागतो. घरच्या वहीचेंहि याहून निराळें नाहीं.