बांधणी-साहाय्यके, सामाईक

बांधणी-साहाय्यके, सामाईक : लिनक्स वितरणातील अनेक पॅकेजांच्या बांधणीत वारंवार लागणाऱ्या क्रिया ज्यांत एकदाच लिहून ठेवलेल्या असतात, अशी फलने किंवा आज्ञा. सोर्स कोडपासून पॅकेज तयार करण्याच्या सूचना प्रत्येक पॅकेजाच्या स्वतंत्र बांधणी-स्क्रिप्टमध्ये असतात. फाइली नियत निर्देशिकांत बसविणे, दोषशोधनाची चिन्हे काढणे, आवश्यक लायब्ररी शोधणे इ. क्रिया बहुतेक पॅकेजांत सारख्याच असतात. त्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये उतरवून घेतल्यास एका ठिकाणची चूक सर्वत्र पसरते व तितक्याच ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

डेबियन या वितरणात (स्थापना १९९३) बांधणीच्या सूचना ‘रूल्स’ नावाच्या मेकफाइलमध्ये असतात. तिच्यासाठी जोई हेस यांनी १९९७ मध्ये डेबहेल्पर हा आज्ञासंच तयार केला. त्यातील प्रत्येक आज्ञा सामान्यतः एकच काम करते. २००८ मधील सातव्या आवृत्तीत आलेली ‘डीएच’ ही आज्ञा बाकीच्या आज्ञा योग्य क्रमाने चालविते. त्यामुळे साध्या पॅकेजाची रूल्स फाइल तीन ओळींत मावते.

साहाय्यकांचा लाभ व धोका यांचे मूळ एकच आहे : एका ठिकाणचा बदल सर्व पॅकेजांपर्यंत पोहोचतो. डेबियन १२ मध्ये (२०२३) ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. एवढ्या पसाऱ्यात साहाय्यकाचे वर्तन अचानक बदलल्यास असंख्य बांधण्या मोडतील. म्हणून डेबहेल्परमध्ये क्रमांकित सुसंगतता-पातळ्या असतात. जुन्या पातळीवरील पॅकेजास जुनेच वर्तन मिळते व पालक सवडीने पातळी वाढवितो. उदा., २०१२ मधील नवव्या पातळीपासून संकलकाचे सुरक्षावर्धक पर्याय आपोआप लागू होऊ लागले.

जेंटू वितरणात अशी फलने ‘ईक्लास’ फाइलींत असतात. तेथे मोठा बदल नव्या नावाने करण्याची प्रथा आहे. पायथनसाठीच्या जुन्या ईक्लासची जागा २०१२ पासून ‘पायथन-आर१’ मालिकेने क्रमाक्रमाने घेतली. तसेच २०११ मधील ‘ईएपीआय ४’ पासून बहुतेक साहाय्यके अयशस्वी झाल्यास बांधणी तेथेच थांबते. त्यापूर्वी स्क्रिप्टमध्ये वेगळी तपासणी नसल्यास फाइल न बसताच पॅकेज तयार होऊ शके व दोष वापरणाऱ्याच्या संगणकावर उघड होई.

यास्तव नवे साहाय्यक जोडताना त्याचे काम एकच व स्पष्ट असावे, अपयश लपू नये आणि जुन्या स्क्रिप्टांशी असलेला करार अबाधित राहावा, ही पथ्ये पाळावी लागतात. एखाद-दुसऱ्या पॅकेजापुरती लागणारी क्रिया त्या पॅकेजाच्या स्क्रिप्टमध्येच ठेवणे इष्ट ठरते.