वाळलेले कुसळी गवत मेलेले नसते

उन्हाळ्यात माळावरचे पिवळे कुसळी गवत पाहून ते मेले, असा समज होतो. कुसळी बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) आणि झुबक्यांनी वाढणारी देशी जात आहे. दख्खनच्या मुरमाड माळांवर आणि डोंगरउतारांवर ती सर्वत्र आढळते. पानगळीत उघडा पडलेला पळस जसा जिवंत असतो, तसाच तिचा बुडखा (मुळांवरचा जाड भाग) जिवंत राहतो आणि पावसाबरोबर फुटतो. कपड्यांत रुतणारे कुसळ ओल मिळताच पीळ सोडते, फिरते आणि बी मातीत रोवते. फुलोऱ्याआधी हे गवत गुरांना चांगला चारा आहे. म्हणून वाळला माळ निरुपयोगी समजून नांगरू नका. बुडखे उखडले की माती उघडी पडते.